एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

आमच्या खेचराच्या अंगावर मर्ल स्टाउफर रोज सकाळी साडेपाचला चढायचा आणि साडेसातला उतरायचा. खेचर म्हणजे स्टोनी रन पार्कमधला लाकडी रोलरकोस्टर. पाटीवर त्याचं नाव काहीतरी भारदस्त लिहिलंय, पण १९२६ साली ज्यांनी तो उभा केला त्यांची हयात कोळशाच्या खाणीत खेचरं हाकण्यात गेली होती. पहिल्याच दिवशी तिसऱ्या उतारावर गाडीने जी लाथ घातली, ती त्यांच्या चांगल्याच ओळखीची निघाली. तेव्हापासून अख्खी कोळसापट्टी त्याला खेचरच म्हणते, आणि मीही तेच म्हणणार.

मी डोरीन पेट्रुस्की. माणसं बाकांवर बसवायची, मांडीवरचे दांडे ओढून बघायचे आणि गाडी सोडायचा खटका ओढायचा, हे फलाटावरचं काम मी अकरा उन्हाळे केलं. त्यानंतर जे काम केलं, ते मर्लचं होतं. ते माझ्याकडे कसं आलं, हे सांगायची मला फारशी हौस नाही, पण मर्लबद्दल बोलायचं तर ते टाळताही येत नाही.

आमचं पार्क ट्रॉली कंपनीने, म्हणजे ट्रामगाड्या चालवणाऱ्यांनी काढलं. रविवारी गाड्या रिकाम्या धावत, म्हणून लाइनच्या शेवटच्या टोकाला त्यांनी झाडी राखली, बँडचा चौथरा बांधला, घोड्यांचा फिरता झोपाळा आणला. पुढे ट्रॉली बंद पडली, खाणीही बंद पडल्या, पार्क तेवढं राहिलं. आम्हाला फाटक नाही, आत यायला तिकीट नाही. फ्लोरिडातल्या पार्कांत म्हणे रांगेत उभं राहायलाही शिकवतात. आमच्याकडे लोक घरून पातेली घेऊन येतात आणि झाडाखालचं आपलं ठरलेलं टेबल दुसऱ्याने धरलं तर वर्षभर बोलत नाहीत.

खेचर बांधणाऱ्याने मात्र डोकं चालवलं होतं. उंच सांगाड्याला लाकूड परवडेना, म्हणून त्याने रूळ सरळ घळीत सोडले. वर फलाट, खाली ओढा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे काय, एवढंसंच? आत बसलेल्याला पायाखालची जमीन संपली की कळतं. पण त्या घळीत ऊन दुपारशिवाय पोचत नाही. लाकूड कायम दमट. एकावर एक सात फळ्यांचे थर आणि वर पोलादी पट्टी, असा तो रूळ असतो, आणि घळीतल्या फळ्या दर वर्षी कुठे ना कुठे कुजतात. बांधणाऱ्याने लाकूड वाचवलं आणि मर्लच्या गळ्यात जन्माचं काम बांधून गेला.

कुजलेली फळी ओळखायची ती हातोड्याने. पट्टीच्या कडेला ठोका द्यायचा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, सडलेलं भदभद करतं. मर्ल तेवीस वर्षं हे करत होता. उंच, जरासा पोक आलेला, जेवणाच्या डब्यात रोज बिटाच्या पाण्यात मुरवलेलं एक अंडं. स्वभावाने घुमा. पाठीमागून हाक मारली तर ढुंकून बघायचा नाही, पण बोलायचं असलं की समोर येऊन उभा राहायचा आणि आपल्या तोंडाकडे बघत नीट ऐकून घ्यायचा. आम्हा बायकांना वाटायचं, किती सभ्य माणूस आहे. माझा नवरा इतकं लक्ष देऊन ऐकता तर मी त्याला सोडला नसता.

आता बिल्ल्याचं. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळ्यावर अडकवून जायचा. संध्याकाळी बिल्ला तिथेच दिसला की समजायचं, माणूस अजून खाली आहे. आमच्या वाडवडिलांनी ही रीत पार्कात आणली. खेचरावर जो कोणी चढेल त्याने आधी आपला बिल्ला फलाटावरच्या खटक्याच्या खिळ्याला अडकवायचा. बिल्ला खिळ्यावर आहे तोवर गाडी हलणार नाही, आणि ज्याचा बिल्ला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याचा बिल्ला काढणं म्हणजे आमच्याकडे मेलेल्याच्या अंगावरचे कपडे काढण्यासारखं. मर्लचा नंबर एक्केचाळीस होता. माझा अठ्ठ्याऐंशी, वडिलांचाच.

आणखी एक रीत होती. सकाळची पहिली गाडी रिकामी सोडायची आणि दुसरीत ज्याने रूळ तपासले त्याने एकट्याने बसायचं. मर्लच्या आधीचा म्हातारा पहिल्या बाकावर बसून हवा खायचा. मर्ल शेवटच्या बाकावर बसायचा, जिथे सगळे दणके बसतात, दोन्ही तळवे लाकडी कडेवर टेकवून. बर्नी वॉस्को, आमचा ब्रेकवाला, त्याला चिडवायचा, "काय रे मर्ल, खेचराची नाडी बघतोस का?" मर्ल त्याच्या तोंडाकडे बघून हसायचा.

१९८३च्या जुलैतला शनिवार. पोलिश चर्चची वार्षिक सहल. नऊ वाजताच बायकांनी पिरोगींची, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, पातेली टेबलांवर मांडली होती आणि आठवडाभरच्या उकाड्याने माणसं आधीच करवादली होती. आमचा मॅनेजर हार्लन डाइट्रिच फलाटावर तीनदा येऊन गेला. "दहाला चालू पाहिजे, डोरीन. फादर स्वतः पहिल्या गाडीत बसणार आहेत."

मर्ल साडेसातलाच उतरला होता. त्याने बिल्ला काढून खिशात टाकला, बाकावर बसला, कॉफी ओतली. पण प्यायला नाही. उजवा तळवा सारखा पँटवर घासत होता. मी विचारलं, "मर्ल, सगळं ठीक?" तो माझ्याकडे बघत नव्हता, काही बोललाही नाही. मला वाटलं, आज स्वारीचा मूड नाही. मी बाक पुसायला गेले.

सव्वानऊला बर्नीने त्याच्या जागेवरून हात वर केला. खिळ्यावर बिल्ला नव्हता. मी बघितलंच नाही असं कोणी म्हणू नये; रिकामा खिळा मी डोळ्यांनी बघितला आणि मगच खटका ओढला. रिकामी गाडी वळणावरून तिला वर ओढणाऱ्या साखळीला लागली आणि चढावावर कट कट कट सुरू झालं.

मग माझी नजर बाकावर गेली. मर्लची कॉफी तशीच भरलेली होती. मर्ल नव्हता, आणि त्याचा हातोडाही नव्हता.

ओढ्याच्या काठाशी एक लोखंडी शिडी आहे. तिथून सरळ दुसऱ्या उताराच्या तळाशी, रुळावर चढता येतं. बिल्ला अडकवायचा तर आधी फलाटावर यायला हवं, आणि फलाटावर आला असता तर बर्नीने विचारलं असतं, "तपासलेली फळी पुन्हा का तपासतोस?" हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की माणूस रुळावर आहे आणि गाडी मी सोडली आहे.

साखळी थांबवायचं बटण बर्नीच्या हाताशी होतं. मी ओरडले, तो वळला, त्याने बटण दाबलं, पण तोवर गाडीचं नाक माथ्यावरून वाकलं होतं. माथा ओलांडला की गाडी कोणाच्या बापाची नसते. ती परत फलाटावरच्या ब्रेकशीच थांबते. मी घंटेची दोरी धरली आणि तीन टोल दिले. तीन टोल म्हणजे रूळ सोडा. पुन्हा तीन. ती घंटा पलीकडच्या गावात ऐकू जाते. झाडांच्या फटीतून मला मर्लची पाठ दिसत होती. गुडघ्यावर बसलेला, खाली मान घातलेली. तो हललाच नाही.

तीन टोल दोनदा ऐकून जो माणूस मान वर करत नाही, त्याला ते ऐकूच आलेले नसतात.

गाडी पहिला उतार उतरली, चढली, वळली. मी दोरी सोडली नाही, पण डोळे मिटले. दुसऱ्या उताराचा गडगडाट आला आणि गेला. गाडी फलाटावर आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलंही नाही. एकशे बारा पायऱ्या धावत उतरले आणि शिडीने रुळापाशी चढले.

मर्ल रुळाशेजारच्या अरुंद फळीवर उभा होता, खांबाला मिठी मारून. टोपी ओढ्यात पडली होती. मी त्याच्या पाठीशी पाच फुटांवर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मर्ल, मी तुला मारलं असतं." तो खांबालाच धरून राहिला. मी पुढे जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला.

"किती दिवस?" मी त्याच्या समोर येऊन विचारलं.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, "सहा वर्षं. डावा कान आधी गेला. मग उजवा."

"आणि गाडी आली ते कसं कळलं तुला?"

त्याने तळवा दाखवला. "साखळी लागली की लाकडात येतं. मला वाटलं, माझाच हात थरथरतोय. म्हणून जरा उशीर झाला."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. सहा वर्षं हा माणूस रोज फळ्या ठोकत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. सहा वर्षं मी माणसांच्या मांडीवर दांडे लावून त्यांना खाली सोडत होते. माझी मुलगी त्यांत किती वेळा बसली होती.

"ओरड नंतर," तो म्हणाला. "आधी ही बघ." त्याने गुडघ्यापाशीच्या फळीवर बोट ठेवलं. "ही बरोबर नाही. सकाळी हातोडा मारला तेव्हा हाताला काहीतरी लागलं. खात्री होईना."

मी त्याच्या हातून हातोडा घेतला आणि ठोकला. खणखणीत. पुन्हा ठोकला, एक फूट पुढे, एक फूट मागे. घंटेसारखा आवाज. माझे कान धडधाकट आहेत. दोन खोल्यांपलीकडे कोणी माझी चहाडी करत असेल तर मला ऐकू येतं.

"चांगली आहे, मर्ल."

"नाही."

"मी ऐकतेय. तुला ऐकू येत नाही."

"नाही," तो पुन्हा म्हणाला, शिडीने उतरला आणि पायऱ्या चढून फलाटावर जाऊन त्याने एक्केचाळीस नंबर खिळ्याला अडकवला.

तोवर हार्लन आला होता. खाली रांग बँडच्या चौथऱ्यापर्यंत गेली होती आणि फादर रांगेच्या तोंडाशी उभे होते. हार्लन काही वाईट माणूस नव्हता, घामाघूम झालेला माणूस होता. त्याने मर्लला विचारलं, मर्ल म्हणाला, "फळी उघडायची." त्याने मला विचारलं, "तू वाजवून बघितलीस?"

"हो."

"कशी वाजली?"

मला खोटं बोलता आलं असतं. सडलेली वाजते, एवढं म्हटलं असतं तर दिवस तिथेच संपला असता, आणि मर्लचं गुपित माझ्यापाशी राहिलं असतं. पण उद्या सकाळी पुन्हा साडेपाचला तो चढला असता आणि मी पुन्हा लोकांना बसवलं असतं. "चांगली वाजली," मी म्हणाले. "आणि हार्लन, त्याला ऐकू येत नाही. सहा वर्षांपासून."

मर्लने माझ्या ओठांवरून ते वाचलं. बर्नीने ब्रेकच्या दांड्यावरचा हात काढला आणि खाली बघत राहिला.

हार्लनने कपाळ पुसलं. मग पुढे होऊन त्याने खिळ्यावरून मर्लचा बिल्ला काढला आणि आपल्या खिशात टाकला. सत्तावन्न वर्षांत हे कोणी केलं नव्हतं. "अजून एक रिकामी सोडा," तो म्हणाला. "मग माणसं बसवा." आणि खाली फादरना सांगायला गेला.

मर्लने माझं मनगट धरलं. मी हिसका दिला तरी सोडलं नाही. बर्नीकडे बघून म्हणाला, "बर्नी, पाच मिनिटं थांब. आम्ही तळाशी बाहेर उभे राहतोय, रुळावर नाही. मग सोड." बर्नीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

खाली सांगाड्याच्या बाहेर उभं राहून मर्लने माझा तळवा एका खांबावर दाबून धरला. गाडी साखळीला लागली तेव्हा खांबात मुंग्या आल्यासारखं झालं. मग गाडी आमच्या डोक्यावरून गेली. दण्. एकच दणका, आणि खांब शांत.

"हा चांगला," मर्ल म्हणाला. "आता बर्नीला अजून एक सोडायला सांग."

मी ओरडून सांगितलं. बर्नीने वरून शिवी दिली, पण सोडली. मर्लने मला पुढच्या खांबाशी नेलं, त्या फळीच्या बरोबर खाली. गाडी येईपर्यंत मी मनात म्हणत होते, देवा, चांगला असू दे. मग दुसऱ्याच क्षणी म्हणत होते, वाईट असू दे. दोन्ही मागण्या मनापासून होत्या.

गाडी आली. दण्, आणि लगेच तिच्या मागे अगदी बारीक, धप्. जशी वरची फळी खाली बसली आणि मग तिच्या खालचं काहीतरी उशिरा बसलं. कानाला एकच गडगडाट ऐकू आला. ते दुसरं फक्त हाताला लागलं.

मी वर गेले. हार्लन परत आला होता आणि लोकांना फलाटावर घेत होता. मी खिशातून अठ्ठ्याऐंशी नंबर काढला आणि खिळ्याला अडकवला.

"डोरीन, आता तू सुरू करू नकोस."

"हा माझ्या बापाचा बिल्ला आहे. काढायचा असेल तर काढ, पण मग खटका तूच ओढ, आणि फादरच्या शेजारी तूच बस."

हार्लनने बिल्ल्याकडे बघितलं. माझ्या बापासारखा त्याचा बापही खाणीतून वर आलाच नव्हता, हे पार्कात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. "उघडा," तो म्हणाला.

दीड तास लागला. वरची पोलादी पट्टी सरकवली, पहिली फळी निघाली, दुसरी निघाली, दोन्ही सुक्या, टणक. हार्लन दोनदा घड्याळाकडे बघून खाकरला. तिसरी फळी उचलताना मर्लच्या हातात तिचा वरचा पापुद्राच आला. आतलं सगळं मुंगळ्यांनी पोखरलेलं होतं. भुसा ओढ्यात पडत राहिला. वरच्या दोन चांगल्या फळ्या पोकळीवर ताणलेल्या होत्या, म्हणून तर त्या इतक्या खणखणीत वाजत होत्या.

फादर पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि लोकांना जेवायला पाठवलं.

आता कोणाला वाटेल, मर्लला हार घातला असेल. शुक्रवारी त्याला कामावरून कमी केलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला रुळावर चढवता येणार नाही, असं विम्यावाल्यांचं पत्र आलं. हार्लनने एक्केचाळीस नंबर त्याला स्वतःच्या हाताने परत दिला आणि बराच वेळ त्याचा हात धरून ठेवला. मी म्हटलेलं खरं होतं, मर्लने म्हटलेलंही खरं होतं, आणि पत्रात माझंच वाक्य लिहिलेलं होतं.

हत्यारं न्यायला तो आला तेव्हा मी त्याच्या समोर उभी राहिले. तोच म्हणाला, "तू केलंस ते बरोबर केलंस, पोरी. सहा वर्षं रोज सकाळी शेवटच्या बाकावर मी जीव मुठीत धरून बसायचो. कोणाच्या तरी लक्षात येईल म्हणून वाट बघत होतो. तुम्ही सगळे इतके आंधळे असाल असं वाटलं नव्हतं." हे बोलताना तो हसत होता, पण हत्यारांची पेटी उचलायला त्याला दोनदा वाकावं लागलं.

हार्लनने काम मला दिलं. मर्लने पुढचे तीन आठवडे, अधिकृतपणे फिरायला आलेला पेन्शनर म्हणून, खांबाखांबाशी उभं राहून माझ्या हातांना शिकवलं. मी हातोडाही मारते आणि तळवाही ठेवते. दोघांचं पटलं नाही तर फळी उघडते.

त्यानंतर अकरा उन्हाळे मर्ल दर शनिवारी तिकीट काढून यायचा. रांगेत उभा राहायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, एकदाच. उतरला की माझ्याकडे बघून टोपीला हात लावायचा आणि पिरोगी खायला निघून जायचा. काही चुकलं असेल तर मात्र एक शब्द न बोलता खिशातून एक्केचाळीस नंबर काढून खिळ्याला अडकवायचा आणि बोटांनी खांबाचा आकडा दाखवायचा. अकरा वर्षांत असं तीनदा झालं. पहिल्या दोन्ही वेळा मी उघडलं आणि लाकूड सापडलं. माझ्या हाताला ते चुकलं होतं.

तिसरी वेळ ९४च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा तो काठी घेऊन चालायचा आणि बाकात बसवायला दोघांना धरावं लागायचं. उतरला, पांढराफटक, बिल्ला अडकवला, आकडा दाखवला आणि बाकावर बसून राहिला. मी गाडी बंद केली. त्या खांबावरच्या सातही फळ्या उघडल्या. मग अलीकडच्या, मग पलीकडच्या. एकूण एक फळी सुकी, टणक, निरोगी. मी शेवटच्या फळीवर तळवा ठेवून बराच वेळ बसले. त्याने पहिल्या दिवशी मला तळवा दाखवून जे सांगितलं होतं ते आठवलं: मला वाटलं, माझाच हात थरथरतोय.

संध्याकाळी वर आले. मर्ल अजून तिथेच होता, बिल्ला खिळ्यावरच. मी त्याच्या समोर उभी राहिले, म्हणजे त्याला ओठ दिसतील.

"होती," मी म्हणाले. "तिसरी फळी. पार पोखरलेली."

त्याने मान हलवली. उठून बिल्ला काढला, खिशात टाकला आणि माझ्या गालावर हलकेच चापट मारली. "मला कळलं होतं," तो म्हणाला, आणि काठी टेकत पायऱ्या उतरला.